उजव्याचा उ

खोली पाहायला आल्या तेव्हा बाईंनी दोनच गोष्टी विचारल्या. फरशी सपाट आहे का, आणि मी खोटं बोलते का.

फरशी सपाट होती. दुसऱ्या प्रश्नावर मी म्हटलं, "जमत नाई मले. त्याच्यानंच सून येगळी राह्यते."

"मग घेतली खोली," बाई म्हणाल्या.

नळाचा वार कोणता, पाणी कधी येतं, हे त्यांनी विचारलंच नाही. खामगावात खोली पाहायला येणारं माणूस चप्पल काढायच्या आधी नळाचं विचारतं. मला तेव्हाच कळलं की ही बाई साधी नाही. पुढं साडेचार वर्षं त्या माझ्या मागच्या खोलीत राहिल्या, आणि पाण्याचं कधीच विचारलं नाही. मी हाक मारली की बादली घेऊन यायच्या.

बाई कोर्टात टायपिस्ट होत्या. मी त्यांना पाहिलं ते रिटायर झाल्यावर. उंच, हाडकुळ्या, पाठ अशी सरळ की भिंतीला टेकून बसलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नाही. लग्न केलेलं नव्हतं. समोरचं माणूस बोलायला लागलं की त्यांची बोटं मांडीवर चालायची. मला आधी वाटलं हात कापतात. मग कळलं, आपण बोलतो ते सगळं त्या मांडीवर टाईप करतात. शेजारणीनं एकदा भांडणात त्यांना वांझोटी म्हटलं. बाईंनी तेही टाईप केलं, शेवटी अंगठ्यानं एक टिचकी मारली, आणि आत निघून गेल्या.

राहायला आल्यावर आठवड्यातच त्यांनी गल्लीतल्या सुतार मिस्त्रींना बोलावलं. कापसाच्या जिनिंग कारखान्यातल्या मोडीत निघालेल्या फळ्या होत्या त्यांच्याकडे. बाईंना त्यांची एक लांबट पेटी पाहिजे होती, वीतभर उंच, वरून सपाट, हलली नाही पाहिजे.

मिस्त्रींनी विचारलं, "बाई, इस पे रखना क्या है? देव?"

"पाय," बाई म्हणाल्या.

"मतलब?"

"चढायचं, उतरायचं."

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "माह्याकडे काय पाहता? त्याईले विचारा." पेटी मात्र त्यांनी मजबूत केली. अजून आहे.

तर ते असं होतं. मोबाईलवर व्यायामाचे व्हिडिओ येतात. परदेशातली एक बाई घट्ट कपडे घालून एका ठोकळ्यावर चढते, उतरते, गिरकी घेते, गुडघा वर करते, ओलांडून पलीकडे जाते, आणि हे सगळं इतक्या भराभर की पाहणाऱ्याला भोवळ यावी. मला वाटायचं जाड बायका बारीक व्हायला हे पाहत असतील. आमच्या बाईंच्या अंगावर तर मांसच नव्हतं. त्या आवाज बंद करून पाहायच्या. म्हणायच्या, "ती बोलते ते कामाचं नाही. पाय कामाचे."

व्हिडिओतली बाई तोंड आपल्याकडे करून नाचते, त्यामुळे तिचा उजवा पाय आपल्या डाव्या बाजूला दिसतो. बाईंनी त्यावर उपाय काढला होता. मोबाईल आरशासमोर उभा करायचा, आणि आरशात पाहून शिकायचं. दार लावून दुपारभर लाकडावर पायांचा आवाज. टाक टाक टाक टाक, मग जरा थांबून पुन्हा पहिल्यापासून. गल्लीनं त्यांना चढउतार बाई हे नाव ठेवलं. बाईंना ते माहीत होतं. मांडीवर टाईपही करून झालं असेल.

एकेक चालीला त्यांनी आपलं नाव दिलं होतं. साधं चढणं-उतरणं म्हणजे पायरी. एक गुडघा वर घेऊन उभं राहायचं तो बगळा. पेटीवरून पलीकडे जायचं ते ओलांडा. आणि पाय फाकवून वर चढायचं, मग मागं येऊन पाय जोडायचे, म्हणजे जमिनीवर सुपासारखा आकार होतो, पुढं रुंद, मागं अरुंद, ते सूप. अशा चाली एकामागं एक लावून बत्तीस मोजाचा एक नाच व्हायचा. नाच पाठ झाला की बाई तो कागदावर लिहायच्या आणि घडी घालून मला द्यायच्या. पायरी डा, पायरी उ, बगळा डा, ओलांडा उ. डा म्हणजे डावा पाय, उ म्हणजे उजवा.

मी चौथी शिकले. तेवढं वाचता येत होतं.

कागद मला कशाला, हे त्यांनी पहिल्याच महिन्यात सांगितलं. ओट्यावर बसून मी मेथी निवडत होते. बाई उभ्याच होत्या.

"वहिनी, माझी आई बहात्तराव्या वर्षी विसरायला लागली. आधी मीठ, मग रस्ता, मग मले. आरशात पाहून म्हणे, पाहुणी उभी हाय, तिले पाणी द्या. अकरा वर्षं. माझी आजीही तशीच गेली."

"मग तुम्हाले बी होईन, असं?"

"होईन. पण होऊन राह्यलं हे मले कळणार नाही. आईले कुठं कळत होतं? ती भांडायची. म्हणायची मीच बरोबर, तुम्ही सारे भ्रमिष्ट. म्हणून मले काय वाटते त्याले किंमत नाही. दुसऱ्यानं सांगितलं पाहिजे."

मग त्यांनी नियम सांगितले. रोज चार वाजता, ओट्यावरचं ऊन सरकलं की परीक्षा. मी कोणताही एक कागद काढायचा, वरचा आकडा सांगायचा, आणि त्या तो नाच करणार. शेवटी मी बरोबर किंवा चूक, एवढंच म्हणायचं. कुठं चुकलं ते सांगायचं नाही. टायपिंगच्या परीक्षेत कुठं सांगत नाहीत. कागद परत दाखवायचा नाही, आणि पाठ झालेला व्हिडिओ त्यांनीही पुन्हा पाहायचा नाही. आणि त्या भांडल्या तर ऐकायचं नाही.

"एकच नाच सलग तीन दिवस चुकला, तर मी जाणार. शेगावच्या रस्त्यावर वृद्धाश्रम आहे, तिथं नाव दिलेलं आहे. माझी सही माझ्या हातानं झाली पाहिजे, वहिनी. दुसऱ्यानं हात धरून नाही."

मी म्हटलं, "कायले जाता? इथंच राहा. मी पाहीन."

"तुम्ही चौऱ्याहत्तरच्या. तुम्हाले कोण पाहते?"

मी मेथी निवडत राहिले.

मग त्या बोलल्या ते मी आजपर्यंत कोणाला सांगितलं नाही. "कचेरीत जाताना मी आईचा पाय खाटेले बांधायची. जुन्या लुगड्याच्या पट्टीनं, मऊ. दहा ते साडेपाच. घोट्यावर वळ पडला होता. तिरडीवर ठेवली तेव्हाही दिसत होता." हे सांगताना त्यांची बोटं चालली नाहीत.

परीक्षेला माझी खुर्ची त्यांच्या पाठीमागं असायची. त्यामुळे त्यांचा डावा तो माझाही डावा. शिवाय त्यांना माझं तोंड दिसायचं नाही. तोंडावरून ओळखलं तर ती कॉपी झाली, असं म्हणायच्या. मी बिस्किटाच्या डब्यातून कागद काढायचे, चष्मा लावायचे, बोट ठेवून एकेक चाल तपासायचे. "बरोबर," मी म्हणायचे. बाई वळून नमस्कार करायच्या नाहीत की हसायच्या नाहीत. पेटी उचलायची आणि आत.

खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. पाचवीत जायच्या आधी मला शाळेतून काढलं, आणि आता कोर्टातली बाई रोज माझ्यासमोर परीक्षा देत होती. चार वाजायच्या आधीच मी पातळ नीट करून बसायचे.

माझा थोरला भाऊ वारला, त्याच्या तिसऱ्या दिवशी बाई पेटी घेऊन ओट्यावर आल्या.

"चार वाजले, वहिनी."

"बाई, घरात सुतक हाय."

"सुतकात देवाचं करत नाहीत. हे देवाचं नाही."

घरात आलेल्या बायका तोंडाला पदर लावून पाहत होत्या. मी रडून सुजलेल्या डोळ्यांनी डबा उघडला. बाईंनी भावाबद्दल एक शब्द काढला नाही. त्या दिवशीचा नाच बरोबर आला. लोकांनी पुढं वर्षभर मला त्यावरून बोलून घेतलं. पण मला तेवढ्या वेळात भाऊ आठवला नाही, हेही खरं आहे.

गल्लीतल्या दोघीतिघींनी एकदा आम्हालाही शिकवा म्हणून बाईंना धरलं. एकीनं विचारलं, "बाई, यानं गुडघे बरे होतात का?"

"नाही."

"पोट कमी होते?"

"नाही."

"मंग करता कायले?"

"करता येते का ते पाहाले," बाई म्हणाल्या. त्या बायका पुन्हा आल्या नाहीत.

साडेचार वर्षांत मी सुट्टं चूक असं सहा-सात वेळा म्हटलं असेल. एकदा त्यांना ताप होता. एकदा समोर कुत्र्यांची मारामारी लागली होती. अशा दिवशी बाई रात्रीचं जेवायच्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मी तोच कागद काढायचे, तो बरोबर यायचा, आणि त्यांच्या खोलीतून फोडणीचा वास यायचा.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी नवीन व्हिडिओ धरला. फार अवघड आहे म्हणाल्या, महिना लागला. दार लावून टाक टाक चालायचं, मधेच बंद पडायचं. कागद दिला त्याच्यावर चौदा आकडा होता. मी तो दोन आठवडे डब्यात मुरू दिला, तसा नियम होता. मग एका सोमवारी काढला.

"चौदा," मी म्हटलं.

बाई नाचल्या. सगळं नीट चाललं होतं. मधे कागदावर होतं सूप डा, सूप उ. सूप डा त्यांनी केलं. पुढं उजव्या पायानं वर चढायला पाहिजे होतं, तर त्यांनी पुन्हा डावाच पाय उचलला, आणि वर जायच्या ऐवजी मागं टाकला. पाय फाकवून मागं, मग पुढं येऊन जोडले. पायही चुकला आणि दिशाही. पुढचं सगळं बरोबर.

"चूक," मी म्हटलं.

बाई वळल्या. कधी वळत नसत. "नक्की?"

"नक्की."

मंगळवारी तेच. त्याच ठिकाणी तोच डावा पाय, तसाच मागं. मी "चूक" म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "नाही वहिनी. बरोबर आहे. मले पक्कं माहीत आहे."

त्यांनीच सांगून ठेवलं होतं, भांडले तर ऐकू नका. मी ऐकलं नाही. डबा बंद केला.

बुधवारी सकाळी त्या माझ्या चुलीपाशी येऊन उभ्या राहिल्या. डोळे लाल होते. "मी नियम मोडला. व्हिडिओ पुन्हा पाह्यला. तीनदा पाह्यला."

"मंग?"

"मले तर बरोबरच दिसते. ती करते तेच मी करते." मग म्हणाल्या, "म्हणजे पाहण्यातच गडबड झाली. आईले आरशात पाहुणी दिसायची ना, तसंच."

माझ्या तोंडाशी आलं होतं की सूप चुकतंय, दुसरं सूप. एवढंच सांगायचं होतं. पण नियम होता, आणि मी नियम मोडणारी बाई नाही असा मला गर्व होता. शिवाय मी मनात जुळवायला लागले होते. परवा त्यांची किल्ली दारालाच राहिली होती. त्याच्या आधी पोळी करपली होती. माझ्या तर रोजच करपतात, पण ते मी धरलं नाही.

चार वाजता बाई ओट्यावर आल्या. नाचल्या. तिथं आल्यावर त्यांचा पाय क्षणभर हवेत थांबला, आणि मग डावाच मागं गेला.

"चूक," मी म्हटलं.

बाई पेटीवरून उतरल्या. पेटी आत नेली नाही. "ही तुमच्याकडेच ठेवा. तिथं चालत नाही म्हणतात, कोणी पडलं तर त्यांच्यावर येते." गुरुवारी सकाळी त्या स्वतः ऑटो करून गेल्या. कपाटावरची बॅग भरलेलीच होती. सही त्यांनी आपल्या हातानं केली. पुण्याला त्यांचा एक भाचा आहे, त्याला फोनवर कळवलं. तो म्हणाला, बरं केलं.

मी खोली दुसऱ्या कोणाला दिली नाही. विचारायला आलेले नळाचा वार विचारायचे आणि मला राग यायचा.

दिवाळी झाल्यावर मी एसटीनं त्यांना भेटायला गेले. शेव नेली, आणि कागदांचा डबा नेला. कागद त्यांचे होते.

बाई व्हरांड्यातल्या खाटेच्या कडेला बसलेल्या. सहा महिन्यांत अंग सुजल्यासारखं झालं होतं, पाठ वाकली होती. मी आधी त्यांच्या घोट्यांकडे पाहिलं. वळ नव्हता.

"वहिनी," त्या म्हणाल्या. ओळखलं. मग म्हणाल्या, "नळ आला का?"

"आज नळाचा वार नाई," मी म्हटलं.

इकडचं तिकडचं झालं. तिथं जेवण बरं असतं, टीव्ही असतो, दुपारी झोपवतात. चढउतार काही नाही. मग त्यांना डबा दिसला. त्यांनी पाठ सरळ केली. "आता परीक्षा संपली. आता सांगा. कुठं चुकलं होतं?"

मी चौदाचा कागद काढला आणि बोट ठेवलं. "इथं. सूप डावं, मंग सूप उजवं. तुम्ही उजव्या पायानं वर गेल्याच नाई. डाव्यानं मांगं गेल्या. तीनही दिवस."

बाईंनी चष्मा लावला. माझं बोट बाजूला केलं आणि वाचलं. "सूप डावं. सूप उलटं."

"उजवं."

"उलटं, वहिनी. उलटं सूप. मागं फाकवायचं, पुढं जोडायचं. व्हिडिओत पहिल्यांदाच आलं होतं. हा उलट्याचा उ आहे."

मी म्हटलं, "साडेचार वर्षं तो उजव्याचा उ होता."

"हाव," त्या म्हणाल्या. त्या उ वर बोट ठेवलं. "चूक माझी. पूर्ण शब्द लिहायला पाहिजे होता. कोर्टात असं अर्धं अक्षर सोडलं असतं तर साहेबानं कागद तोंडावर फेकला असता."

त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"चला घरी," मी म्हटलं. "खोली तशीच हाय. पेटी बी हाय. मी इथल्या हापिसात सांगतो आत्ताच."

बाईंच्या तोंडावर एकदम काहीतरी आलं. पदर खोचून त्या उभ्या राहिल्या. "आधी परीक्षा. मग जाऊ. एक नंबर काढा."

एक नंबर म्हणजे पहिला कागद, सगळ्यात सोपा. दोनच चाली. पायरी डा चार वेळा, मग बगळा डा दोनदा, मग पुन्हा पायरी दोनदा, आणि संपलं. आमच्या गल्लीतलं लहान पोरही पाहून पाहून शिकलं होतं. व्हरांड्यातून अंगणात उतरायला एक पायरी होती, त्या तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी मागं उभी राहिले. कागद हातात होता, पण तो मला पाठ होता.

पायरी एक, दोन, तीन, चार. पाय जड पडत होते, पण बरोबर. मग बगळा. डावा गुडघा वर आला, त्या एका पायावर डगमगल्या, सावरल्या. दुसरा बगळा केला नाही. पुन्हा पायरी. पाच, सहा, सात. मी मोजत होते. आठ. नऊ. त्या थांबेनात. डावा वर, उजवा वर, डावा खाली, उजवा खाली. खाटांवरच्या बायका पाहायला लागल्या. तिथली काम करणारी बाई हसून म्हणाली, "पुरे करा आजी, पडसान." बारा. तेरा. मग आपोआपच थांबल्या, दम लागून.

वळल्या. घाम आला होता. माझं तोंड त्यांना दिसत होतं आणि मला त्यांचं. "बरोबर?" त्यांनी विचारलं. त्यांचा हात खाटेखालच्या बॅगेकडे गेलाही होता.

मी म्हटलं, "चूक."

"नक्की?"

"नक्की. या कागदावर उ कुठंच नाई, बाई."

त्या खाटेवर येऊन बसल्या. मांडीवर बोटं चालली, थोडीच, एका शब्दाएवढी. शेवटी अंगठ्यानं टिचकी. माझ्या हातातला कागद घेऊन त्यांनी घडी घालून डब्यात ठेवला, झाकण दाबलं, आणि डबा माझ्याकडे सरकवला. मी शेव त्यांच्या उशाशी ठेवली. परतीच्या एसटीला अजून वेळ होता, म्हणून बसून राहिले.

"वहिनी," बाई म्हणाल्या, "नळ आला का?"

"आला," मी म्हटलं.

"भरून ठेवलं?"

"ठेवलं."